वाचकांचे प्रश्न : तलावातले मासे पाहण्यासाठी कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आहे. गावचा मामा तलाव (म्हणजे जुना, माजी मालगुजारी तलाव) संस्थेने ठेक्याने घेतलेला असून पावसाळ्यानंतर त्याचे पाणी चाळीसेक एकरांवर पसरते. दरवर्षी श्रावणात आम्ही रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडतो; परंतु गेले दोन हंगाम फाल्गुन-चैत्रात जाळी ओढली असता, सोडलेल्या बिजाच्या मानाने माल फारच कमी निघाला. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तेथे हिवाळ्यात तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ टाकतात. त्याच्याकडे पाण्याखाली सोडायचा कॅमेरा आहे आणि त्याच्या पडद्यावर मासा गळाजवळ येताना स्पष्ट दिसतो. हे त्याने आम्हाला फोनवरून दाखवले. तो माघात गावी येणार असून आमच्यासाठी तसाच एक नवा कॅमेरा आणतो म्हणाला आहे. सगळा खर्च २८ हजार रुपयांच्या घरात जाईल. संस्थेतील तरुण सभासदांचे म्हणणे, कॅमेरा घ्यावा आणि तलावात मासा आहे की नाही हे एकदाचे पाहून घ्यावे. जुन्या मंडळींना हा खर्च वायफळ वाटतो. निर्णय माझ्यावर सोपवला आहे. आपण मार्गदर्शन करावे. — संस्थेचे सचिव (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : सचिव महोदय, माझे मत आधीच सांगतो. आपल्या तलावासाठी आणि आपण लिहिलेल्या कामासाठी संस्थेच्या पैशाने हा कॅमेरा घेऊ नये. आपल्या भाच्याने दाखवले ते खरेच आहे आणि त्याच्या तळ्यावर ते यंत्र उपयोगी पडते याविषयी मला शंका नाही. मात्र तेथील पाणी वेगळे आहे, मासेमारीची रीत वेगळी आहे, आणि तेथे कॅमेऱ्याला जो प्रश्न विचारला जातो तोही आपल्या प्रश्नाहून वेगळा आहे.

तेथील रीत आधी समजून घेऊ. मिनेसोटात हिवाळ्याचे कित्येक महिने तळ्यांवर बर्फाचा थर असतो. माणसाने पायी चालायचे असेल तर निदान ४ इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ हवा, असे तेथील शासन सांगते. त्या बर्फात मोठ्या गिरमिटाने साधारण ८ इंच रुंदीचे भोक पाडतात आणि हातभर लांबीच्या काडीला बांधलेला गळ त्यातून सरळ खाली सोडतात. होडीतून किंवा काठावरून गळ फेकतो तसा तो येथे लांब फेकता येत नाही, त्यामुळे भोकाखाली मासा असेल तरच काही हाती लागते. त्यातच थंड पाण्यात मासा सुस्तावलेला असतो. तो आमिषाजवळ येतो, थबकतो, हलकेच तोंड लावतो आणि पुष्कळदा वरच्या माणसाला काही कळण्याआधी निघूनही जातो. अशा वेळी वायरीच्या टोकाला लावलेला मुठीएवढा कॅमेरा शेजारच्या भोकातून सोडला की तीन गोष्टी कळतात : येथे मासा आहे का, तो वॉलाय आहे की पर्च (या तेथील माशांच्या दोन जाती), आणि तो आमिष घेतो आहे की नुसता पाहून जातो आहे. मासा नसेल तर माणूस उठतो आणि चार पावलांवर दुसरे भोक पाडतो. एक गळ, एक भोक आणि एका वेळी एक मासा, अशी ती सगळी मांडणी आहे, आणि तिच्यात कॅमेरा चपखल बसतो.

तेथील पाणी हिवाळ्यात निवळलेले असते, त्यालाही कारणे आहेत. बर्फाचे झाकण बसल्यावर वारा पाण्याला ढवळू शकत नाही, लाटा काठ खरवडत नाहीत, आसपासची जमीन गोठल्याने गढूळ ओहोळ येऊन मिळत नाहीत, आणि बर्फावर हिम साचून प्रकाश अडल्यामुळे पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पतींची, म्हणजे प्लवकांची, वाढ मंदावते. तरंगणारा गाळ हळूहळू तळाशी बसतो. शिवाय बर्फ म्हणजे पक्की जमीनच. तिच्यावरून सोडलेला कॅमेरा एका जागी राहतो. डोंग्यातून सोडलेल्या कॅमेऱ्याला हे सुख कसे मिळणार? आणि तेथेही सगळीकडे तो चालतोच असे नाही. जंगलातील कुजलेल्या पाल्याने चहासारख्या रंगाचे झालेले पाणी असले की तेथील मासेमारही कॅमेरा बाजूला ठेवून ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र वापरतात.

आता आपला तलाव पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील ६ हजारांहून अधिक मालगुजारी तलाव मुळात धानाला पाणी देण्यासाठी बांधले गेले. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने उतार पाहून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या आणि येव्यातून, म्हणजे पाणी आत येण्याच्या वाटेतून, येणारा पावसाचा प्रत्येक थेंब अडवला. पाण्याबरोबर शेतांतली माती, शेण आणि पालापाचोळाही त्याच येव्याने तलावात उतरतो. हे तलाव उथळ आहेत, त्यांत म्हशी बसतात, वाऱ्याने काठचा गाळ उठतो, आणि मृगळ हा तर तळ उकरूनच पोट भरणारा मासा आहे. या सर्वांवर प्लवकांचा हिरवा रंग चढतो, आणि माझ्या मते सगळे येथेच ठरते. कारण तो हिरवा रंग म्हणजे आपल्या माशाचे अन्न आहे. कटला पृष्ठभागाजवळचे प्राणीप्लवक, म्हणजे हिरव्या प्लवकांवर जगणारे सूक्ष्म जीव, खातो, रोहू मधल्या थरात चरतो, आणि वरून मरून पडलेले सर्व मृगळाच्या वाट्याला येते. मत्स्यसंवर्धनाच्या तळ्यात पाण्याची पारदर्शकता साधारण ३० ते ४० सेंटिमीटर असावी असे मानतात. पाणी त्याहून बरेच नितळ असेल तर त्यात अन्न कमी आहे असे समजून खत घालतात. म्हणजे ज्या पाण्यात कॅमेऱ्याला दूरवर दिसेल त्या पाण्यात आपला कटला उपाशी राहील, आणि ज्या पाण्यात कटला पोसला जाईल त्यात कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचेही दिसणार नाही.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी शोधणाऱ्या एका कारागिराचा कॅमेरा मागून घेऊन मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका तलावावर गेलो होतो. संक्रांत नुकतीच झाली होती आणि वरून पाणी बरेच निवळलेले वाटत होते. डोंग्यातून आम्ही चार ठिकाणी कॅमेरा सोडला. पडद्यावर हिरवट राखाडी धुके आणि त्यात उन्हातल्या धुळीसारखे उडणारे कण, याखेरीज काही दिसेना. कॅमेऱ्याचे दिवे लावले तर ते कण चकाकू लागले आणि उरलेलेही दिसेनासे झाले. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यावर जसे समोर पांढरी भिंत उभी राहते, तसे ते होते. दोन तासांत एकदा एक शेपटी पडद्यावरून सरकली, पण ती कोणत्या माशाची हे डोंगा वल्हवणाऱ्या ढिवर दादांनाही सांगता आले नाही. त्याच दादांनी मात्र पाण्यावर येणारे बारीक बुडबुड्यांचे पट्टे दाखवून, येथे खाली मृगळ माती उकरतो आहे, असे सांगितले आणि तेथेच जाळे फेकून दोन मृगळ काढून दाखवले.

अनेक कॅमेऱ्यांना अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे असतात आणि ते माशांना दिसत नाहीत म्हणून चांगले, असे जाहिरातीत सांगितले जाते. त्यातील मेख अशी की पाणी हा प्रकाश फार लवकर शोषून घेते. त्यामुळे स्वच्छ पाण्यातही तो थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतो, आणि गढुळात तर कणांवरूनच परत फिरतो. दिव्याची संख्या पाहून कॅमेरा निवडणाऱ्याची येथे हमखास निराशा होते.

तरीही आपल्या तरुण सभासदांना माझ्या शब्दावर विसंबून बसावे लागू नये, यासाठी एक साधी परीक्षा सुचवतो. तिला खर्च जवळजवळ नाही. २० सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे गोल झाकण घ्यावे, त्याचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन पांढरे व दोन काळे रंगवावेत, मध्यभागी भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे आणि दोरीला दर १० सेंटिमीटरला गाठ मारावी. या तबकडीला सेक्की यांची तबकडी म्हणतात. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्राच्या पाण्यावर तिचा प्रयोग केला आणि आजही जगभर सरोवरांचे पाणी हिनेच मोजले जाते. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू खाली सोडावी आणि दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवावी. मग वर ओढताना पुन्हा दिसू लागेल ती खोली लिहावी आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. पाळीजवळ, मध्यभागी आणि येव्याच्या तोंडाशी असे तीन ठिकाणी हे करावे. उन्हात माणसाच्या डोळ्याला ती पांढरी तबकडी जेथवर दिसते, त्याहून फार दूरचा करड्या अंगाचा मासा कॅमेऱ्याला दिसेल अशी आशा धरू नये. आपल्या तलावात ही खोली माघातसुद्धा अर्ध्या मीटरच्या आत राहिली, तर कॅमेऱ्याची चर्चा तेथेच थांबवावी. ती दीड-दोन मीटरपर्यंत गेली तर माझे म्हणणे फेरविचाराला पात्र ठरेल, आणि तसे झाले तर मला अवश्य कळवावे.

भाचा माघात येतोच आहे. नवा कॅमेरा आणण्याऐवजी त्याने स्वतःचाच चार दिवसांसाठी आणावा, असे त्याला सांगा. माघ हा आपल्याकडे पाणी सर्वांत निवळलेले असण्याचा काळ आहे, म्हणजे कॅमेऱ्याला पूर्ण न्याय मिळेल. जुन्या आणि तरुण सभासदांनी मिळून एकाच डोंग्यात बसून तो पडदा पाहावा. विमानाने येताना सुटी लिथियम बॅटरी मोठ्या सामानात टाकू देत नाहीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, एवढे त्याला आठवणीने कळवावे.

कोणी सभासद याच ओघात मासा शोधणारे ध्वनियंत्र सुचवतील. त्याला गढूळ पाण्याची अडचण नाही, हे खरे. परंतु त्याच्या ध्वनिलहरी शंकूच्या आकारात खाली जातात. वीस अंशांचा शंकू धरला, तर १० मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर रुंदीची जागा व्यापतो. दोन मीटर खोलीच्या तलावात मात्र तीच रुंदी ७० सेंटिमीटर भरते, म्हणजे जेमतेम डोंग्याखालची जागा. तेवढ्या उथळ पाण्यात डोंग्याची चाहूल लागताच मासा आधीच बाजूला झालेला असतो. मोठ्या धरणाच्या जलाशयावर त्या यंत्राचा विचार जरूर करावा, मामा तलावावर नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण आपल्या पत्रातील खरी काळजी तीच आहे. आपल्याला मासा पाहायचा नाही. सोडलेले बीज गेले कोठे, हे आपल्याला हवे आहे. कॅमेऱ्याला चाळीस एकर पाण्यातील मासे मोजता येत नाहीत, आणि समजा एखाद्या ठिकाणी दहा मासे दिसले तरी त्यावरून हजार बिजातून किती जगले हे सांगता येत नाही. बीज हरवण्याच्या वाटा मात्र ठरलेल्या आहेत आणि त्या एकेक करून तपासता येतात. पहिली वाट म्हणजे बीज सोडतानाच मरणे. प्रवासात दमलेले बीज पिशवी फोडून थेट तलावात ओतले की तापमानाच्या फरकाने त्यातील पुष्कळसे त्याच रात्री मरते आणि तळाशी बसते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तिच्यात थोडे थोडे तलावाचे पाणी घालावे आणि बीज आपण होऊन बाहेर पडेल असे करावे. त्याच वेळी मोजून १०० नग हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या कापडी पिंजऱ्यात, घालून तो हापा तलावातच बांधून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी जिवंत किती उरले ते मोजावे. निम्मे मेले असतील तर दोष बिजात, वाहतुकीत किंवा सोडण्याच्या पद्धतीत आहे, हे तीन दिवसांत सिद्ध होते. त्यासाठी चैत्राची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी वाट शिकारी माशांची. ज्या तलावाचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, त्यात मरळ आणि पढीण वर्षानुवर्षे राहतात आणि लहान बीज त्यांच्या दृष्टीने खाऊच असतो. अशा तलावात इंचभर बीज सोडणे म्हणजे त्यांना जेवू घालणे होय. आपल्या तलावाचे पाणी बारमाही असेल, तर नगांची संख्या कमी करून चांगल्या वाढलेल्या, शक्य तर ८ ते १० सेंटिमीटर लांबीच्या, बोटुकल्या सोडाव्यात. त्यांचा दर जास्त पडतो, पण मरळीच्या तोंडातून त्या वाचतात. मरळ स्वतः चांगल्या भावाने विकली जाते, तेव्हा तिला शत्रू मानून संपवण्याच्या मागे लागू नये. बीज सोडण्यापूर्वी जाळी फिरवून तिची संख्या आटोक्यात आणावी, एवढे पुरे. तिसरी वाट सांडव्याची. भाद्रपदात तलाव भरून सांडवा वाहू लागला की मासा वाहत्या पाण्याकडे धाव घेतो आणि एका रात्रीत शेतांतून नाल्याला जाऊन मिळतो. सांडव्यावर जाळी बसवलेली आहे का, तिच्याखाली पाण्याने वाट केली आहे का, पालापाचोळा अडकून ती मोडली तर नाही, हे पावसाच्या दिवसांत रोज पाहण्याची जबाबदारी एखाद्या सभासदावर नावानिशी टाकावी. दोन हंगाम सलग माल कमी निघाला, असे आपण लिहिता; त्या दोन वर्षी सांडवा किती दिवस वाहिला, हे जुन्या मंडळींना विचारून पाहावे.

आणि चौथे काम म्हणजे दर महिन्याला नमुना काढणे. कार्तिकापासून दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या चार जागी, ठरलेल्या संख्येने जाळे फेकावे. प्रत्येक जातीचे किती मासे आले, त्यांचे सरासरी वजन किती भरले, हे वहीत लिहावे आणि मासे परत सोडून द्यावेत. रोहू वाढत नसेल तर अन्न कमी पडते आहे, मासे वाढत असून संख्या घटत असेल तर ते कोणी तरी खाते आहे किंवा नेते आहे, हे तीन महिन्यांच्या नोंदींतून दिसू लागते. तरुण सभासदांना पाहण्याची जी उत्सुकता आहे, तिला ही वही उत्तम जागा देईल. तबकडीची खोली, पाण्याचे तापमान आणि नमुन्याचे वजन या तीनच रकान्यांवरून वर्षअखेर संस्थेला आपल्या तलावाविषयी बरेच काही कळलेले असेल. मला या कामाविषयी विशेष जिव्हाळा आहे, कारण आपल्या ढिवर बांधवांकडे पाण्याचे अफाट ज्ञान असूनही ते कागदावर नसल्यामुळे ठेका, कर्ज किंवा नुकसानभरपाईच्या वेळी त्याला कोणी पुरावा मानत नाही.

कॅमेऱ्याचा उपयोग कोठेच नाही, असे माझे म्हणणे नाही. तुडुमाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या मोरीच्या, तोंडाशी काही अडकले असेल तर, अगदी जवळून पाहायचे असल्यामुळे, तो उपयोगी पडतो; मी वर सांगितलेल्या त्याच फेरीत तुडुमात रुतलेला सागाचा ओंडका आम्हाला त्यातच दिसला आणि एका माणसाला बुडी मारून जीव धोक्यात घालावा लागला नाही. मोठ्या जलाशयात पिंजरे लावून मासे वाढवणाऱ्यांना जाळी फाटली आहे का, तळाशी मेलेले मासे साचले आहेत का, हे पाहायला तो चांगला. पण वर्षातून एकदा तुडूम पाहण्यासाठी कॅमेरा विकत घेण्याची गरज नसते, तो भाड्याने मिळतो. त्या २८ हजारांतून चांगल्या बोटुकल्या, हाप्याचे कापड, सांडव्याची जाळी आणि एक वजनकाटा घ्यावा, असे मी सभेत उभे राहून सांगितले असते.

प्रश्न : माझे यवतमाळ जिल्ह्यात प्लास्टिक अंथरलेले शेततळे आहे आणि त्यात मी पंगस मासा सोडला आहे. मोबाइलला जोडायचा वायरीचा छोटा कॅमेरा हजार-दीड हजारात मिळतो. खाद्य मासे खातात की वाया जाते, हे पाहण्यासाठी तो चालेल का? — एक शेतकरी, तालुका दारव्हा

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे, आणि शेततळ्याचे पाणी मामा तलावापेक्षा पुष्कळदा नितळ असते, म्हणून उत्तर थोडे वेगळे आहे. तरी हा विशिष्ट कॅमेरा घेऊ नये. तो यंत्रांच्या नळ्या, गाडीचे इंजिन अशा ठिकाणी काही सेंटिमीटरवरून पाहण्यासाठी केलेला असतो आणि त्याचे भिंग तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दाखवते. हातभर दूरचा मासा त्याला पुसट दिसतो. पुष्कळांची वायरही शेततळ्याच्या तळापर्यंत पुरत नाही, आणि जोडणीच्या टोकाशी पाणी शिरले की मोबाइलही बिघडण्याची भीती असते.

खाद्याची परीक्षा ताटाने होते. एक मोठे पसरट ताट किंवा चौकटीला ताणून बांधलेले जाळीचे कापड घ्यावे, त्यावर दिवसाच्या खाद्याचा थोडा, पण मोजलेला भाग ठेवून ते दोरीने तळापासून वीतभर वर टांगावे आणि दीड-दोन तासांनी हळूच वर काढावे. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करावी, ताट चाटूनपुसून रिकामे असेल तर किंचित वाढवावी. वाढत्या माशाला रोज त्याच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य, हा सर्वसाधारण हिशेब आहे. ढगाळ आणि फार थंड दिवसांत मासा कमी खातो, तेव्हा हात आखडता घ्यावा. तरंगणारे खाद्य देत असाल तर ताटाचीही गरज नाही, वीस मिनिटांत पाण्यावर काय उरते ते काठावरूनच दिसते.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. प्लास्टिकच्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरले की त्यावरून पाय सटकतो आणि पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर काठावर पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत, एक हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी, आणि कॅमेरा असो की ताट, ते ओढायला एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. बर्फाच्या खाली मासे पकडतात हे ऐकून मुले विचारतात, की पाणी गोठल्यावर मासे मरत कसे नाहीत? — एक शिक्षक

उत्तर : मुलांचा प्रश्न फार मोलाचा आहे. बहुतेक द्रव थंड होत जातात तसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून कडाक्याच्या थंडीत तळ्याचे सर्वांत थंड पाणी खाली न जाता वर राहते, वरच गोठते, आणि बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे तरंगत राहतो. त्याच्याखाली, तळाजवळ, पाणी ४ अंशांच्या आसपास टिकून असते आणि मासे तेथे हालचाल मंदावून, थोड्या अन्नावर हिवाळा काढतात. वर्गात दाखवायचे असेल तर काचेच्या ग्लासातील पाण्यात बर्फाचा खडा टाकावा. तो वर तरंगतो, हे मुलांनी हजारदा पाहिलेले असते, पण तळ्यातील माशाचा जीव त्यामुळेच वाचतो हे त्यांना नव्याने कळेल.

तरीही तेथे मासे मरतात, आणि त्याचे कारण थंडी नसून प्राणवायूचा अभाव असते. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की प्रकाश खाली जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, वरून हवा मिसळत नाही, आणि तळाचा पाला मात्र कुजत कुजत असलेला प्राणवायू संपवत राहतो. उथळ तळ्यांत कधी कधी हिवाळा संपेपर्यंत सगळे मासे गुदमरून गेलेले असतात आणि बर्फ वितळल्यावर ते काठाला लागतात. आपल्या मुलांनी हेच दृश्य वेगळ्या ऋतूत पाहिले असेल. ज्येष्ठात पाणी कमी झालेले असते, आभाळ भरून येते, वारा पडलेला असतो, आणि पहाटे तलावावर गेले तर मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून हवा गिळताना दिसतात. रात्रभर वनस्पतींनी आणि माशांनी मिळून प्राणवायू वापरलेला असतो, आणि सूर्य वर येईपर्यंत तो पुन्हा तयार होत नाही. दर लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर मासा सुखात असतो. तो ३ च्या खाली गेला की त्याला त्रास होऊ लागतो. अशा पहाटे गावातले कोणी पाण्यात पंप लावून तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तलावात पाडत असेल, तर मुलांना ते दाखवायला घेऊन जावे. मात्र मुलांना काठापासून दूर उभे करावे, कारण त्या दिवसांत पाणी मागे हटलेले असते आणि उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत गुडघाभर मऊ असतो.